कानातला कापूस

मी नववीत असताना एकदा लष्कराचं हेलिकॉप्टर पुनावळ्यात आमच्या रानात उतरलं. वैमानिकाने मला घटकाभर त्याच्या जागेवर बसू दिलं. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की आपण हेच चालवायचं. गावात माझी यथेच्छ टिंगल झाली.

मॅट्रिक झाल्यावर मी हेलिकॉप्टर चालवायला शिकवणाऱ्या तीन शाळांना पत्रं धाडली. परदेशातल्या दोन शाळांनी गुळगुळीत कागदाची रंगीत माहितीपत्रकं पाठवली. आईने त्यातली चित्रं देवघराशेजारी चिकटवली. तिसरी शाळा दक्षिणेतली. तिचं उत्तर एका पानाचं: कारखान्यात दोन वर्षं यंत्रावर काम केलेल्याला आधी प्रवेश. ही अट खास माझ्यासाठीच घातली आहे असं मला वाटलं, कारण आबा पिंपरीच्या एका कारखान्यात हॅमर शॉपला होते आणि बापाच्या खात्यात पोराला घ्यायची तिथे रीत होती. आबांनी साहेबाला गळ घातली आणि मी लागलो.

तापलेल्या लोखंडावर अजस्र घण आदळायचा आणि पायाखालची जमीन हलायची. तिथे तोंडाने बोलण्यात अर्थच नव्हता. सगळं हातांनी चाले. तळवा वर केला की घण उचल, दोन मनगटांची फुली केली की बंद. पहिल्या दिवशी मी कानांत कापसाचे बोळे घालून गेलो. आबांनी ते उपटून फेकले.

"येडा हायेस का? घणाचा आवाज बदलला की हात मागं घ्याचा आस्तो. त्योच ऐकू न्हाई आला तर हात जाईल. मंग कशानं चालवतोस तुजं इमान?"

सगळं खातं हेच मानायचं. माझे हात शाबूत राहावेत म्हणून ते बोलले, आणि मी पुन्हा कापूस घातला नाही. घरात आबा ओरडूनच बोलत, त्यामुळे आम्हीही ओरडत असू. माझ्या कानांचं काय चाललंय ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी कान तपासून घे, हे शाळेने सांगितलं नाही, आणि माझ्यासारख्या दीडशहाण्यालाही सुचलं नाही.

दोन वर्षांनी मी शाळेत दाखल झालो. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी मला शेजारी बसवून वर नेलं. खाली नारळाची झाडं लहान लहान होत गेली. इतका आनंद मला पुन्हा कधीच झाला नाही. कानांवरच्या हेडफोनमधून ते काहीतरी सांगत होते. मला नुसती खरखर ऐकू येत होती. मी सवयीने त्यांच्या हातांकडे बघत राहिलो, पण दोन्ही हात दांड्यांवर गुंतलेले. मग मी प्रत्येक वेळी मान डोलावली. खाली उतरल्यावर त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं.

डॉक्टरांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तपासणी कधी सुरू होते याची वाट बघत मी रंगाचे पोपडे न्याहाळत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी खांद्यावर हात ठेवला. तपासणी संपली होती. इतका वेळ ते मागून पुन्हा पुन्हा कुजबुजत होते.

घरी परतलो तेव्हा आबा रानाच्या पलीकडच्या बांधावर होते. मला बघून त्यांनी एक बोट डोक्यावर गरगर फिरवलं. उडालास का? मी मनगटांची फुली केली. त्यांना कळेना. मग मी कानाला हात लावला आणि मला रडू फुटलं. आबा तिथेच मटकन खाली बसले. रागावणार तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

आठवड्याने मी पुन्हा हॅमरवर उभा राहिलो. घण सुरू व्हायच्या आधी आबा जवळ आले. त्यांनी खिशातून कापूस काढला, बोटांनी वळला आणि माझ्या एका कानात, मग दुसऱ्या कानात हळूच बसवला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांना नीट घालता यावा म्हणून मी मान खाली केली.