भोंग्याचा पट्टा

सीव हालांदर कुणाच्याही गाडीत बसली की आधी पट्टा ओढून बघायची. हळूच नव्हे, नाठाळ बैलाची वेसण ओढावी तसा एक हिसका. पट्टा अडकला तर ठीक. नाही अडकला तर दार उघडून खाली उतरायची आणि गाडीवाल्याच्या तोंडावर "शी!" म्हणायची. टॅक्सीवाला असो, चर्चचा पाद्री असो, कुणाची भीड नाही.

ही खोड कारखान्याची. गोथेनबर्गला नदीपलीकडे, हिसिंगेन बेटावर, मोटारींच्या कारखान्यात तिने उभी हयात काढली. पुढून गाडीचा रिकामा सांगाडा सरकत यायचा, सीव आत वाकून पट्ट्याचा बोल्ट आवळायची, एक हिसका द्यायची, पिवळ्या रंगाचा ठिपका लावायची, की पुढचा सांगाडा दारात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कंपनीची कुळकथा ऐकवायचे. कंपनी छर्‍यांच्या बेअरिंगच्या कारखान्याच्या पोटी कशी जन्मली, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पट्टा तिच्याच माणसाने कसा काढला, आणि तो तिने सगळ्या जगाला फुकट कसा वापरू दिला. सीव चर्चमध्ये जायची ती कॉफीसाठी. पण ही कथा ती मानायची. पुढे कंपनी आधी अमेरिकनांच्या आणि मग चिन्यांच्या हाती गेली. सीवचा हिसका होता तसाच राहिला.

तिचा नवरा वाल्टर रंगखात्यात होता. फाटकाजवळच्या सावलीच्या जागा कंपनीच्या गाड्यांना. परकी गाडी आणणार्‍याने लांब, चिखलात लावावी आणि पावसात चालत यावं, असा तिथला रिवाज. वाल्टर एकदा मेव्हण्याची जर्मन गाडी घेऊन आला, तर महिनाभर लोकांनी त्याला सोलून काढलं. "दुसरी बायको आणली असती तर एवढं बोलले नसते," तो म्हणायचा.

एका हिवाळ्यात उद्देवाल्ला गावाच्या अलीकडे त्यांची गाडी बर्फावरून घसरली आणि खड्ड्यात उलटी झाली. पुढे दोघं, मागे त्यांची दहा वर्षांची लेक मारलेन. तिघंही वटवाघळांसारखी पट्ट्यांना लोंबकळत राहिली. वाल्टर म्हणाला, "कॉफी सांडली वाटतं." गाडी भंगारात गेली, माणसं घरी आली. वाल्टरने पुढे पुन्हा तशीच, लाल, मागे ऐसपैस जागा असलेली गाडी घेतली आणि मरेपर्यंत तीच वापरली.

तो गेल्यावर सीवच्या डोळ्यांनी साथ सोडली. डोळे अधू होण्याआधी नवी गाडी घ्यायचा विचार एकदा केला होता, पण दुकानात ती बसली आणि समोरचा साधा कप्पा उघडायलाही काचेवर बोट फिरवावं लागतं हे कळल्यावर तशीच उतरली. "शी! हा काय दूरदर्शनचा संच आहे?" मग लाल गाडी तिने नातीला दिली.

तूवा पंधरा वर्षांची होती, आणि दाल्सलांडमध्ये, बेंग्ट्सफोर्सजवळ राहणारी. तिकडे बस दिवसाला दोन. पंधराव्या वर्षी गाडीचा परवाना मिळत नाही, पण ट्रॅक्टरचा मिळतो. म्हणून तिकडचे बाप जुन्या गाडीचा ट्रॅक्टर करतात. मागची बाकं काढायची, मागचं छप्पर कापून फळी बसवायची, पाठीवर लाल त्रिकोण लावायचा, वेग ताशी तिसाच्या वर जाणार नाही अशी सोय करायची, झाला ट्रॅक्टर. आणि त्यासाठी सगळ्यांना गाडी हवी असते ती याच कंपनीची. का? तर ती सुरक्षित. सीवलाही ते पटलं. मोपेडवरून पडण्यापेक्षा आपल्या गाडीत बसलेली बरी. पोर अज्ञान, म्हणून कागदोपत्री गाडी सीवच्याच नावावर राहिली.

ऑगस्टमध्ये मारलेनकडे खेकड्यांच्या जेवणाला सीव गेली, तेव्हा बसथांब्यावर तूवा ट्रॅक्टर घेऊन न्यायला आली होती.

सीवने गाडी ओळखली ती फक्त रंगावरून. मागचा भाग करवतीने कापून फेकलेला, कडा अजून खरबरीत. आत बिबळ्या छापाचं कापड. छताला, ओठांखाली धरून चघळलेल्या तंबाखूच्या पुड्या चिकटवलेल्या, तपकिरी, वाळून सुरकुतलेल्या, जणू कुणी मेलेल्या गोगलगायी ओळीने लावून ठेवल्यात.

"हे काय आहे?"

"नक्षी," तूवा हसली. "बस ना, मोरमोर. आईने बटाटे चढवलेत." मोरमोर म्हणजे आईची आई, तूवाच्या तोंडी तो शब्द नेहमी लाडात यायचा.

सीव बसली. पट्टा ओढला, तो आला. पण बकलात जाईना. तिने बोट घातलं, तर आत काहीतरी ओलसर, चिकट. बाहेर काढलं तर गोड पेयाचा पाक आणि त्यात भिजलेली तंबाखू. तिने बोट रुमालाला पुसलं. याच बकलात वाल्टर तिचा पट्टा स्वतः वाकून लावायचा, तिचे हात गारठलेले असायचे तेव्हा.

"हा कधीपासून लागत नाही?"

"कुणास ठाऊक. कुणी लावतच नाही. तीसने जातो गं आपण, सायकलवाले ओलांडून जातात आपल्याला."

"मागचे पट्टे कुठंयत?"

"आहेत ना!" तूवाने अभिमानाने मागे बोट दाखवलं. फळीवर शवपेटीएवढं स्पीकरचं खोकं, म्हणजे गाण्यांचा भोंगा, होतं, आणि ते मागच्या बाकांच्या पट्ट्यांनी आडवंतिडवं आवळून बांधलेलं. पट्ट्याच्या बुडाशी पिवळा ठिपका अजून होता. "बाबांनी बांधलं. किती घट्ट आहे बघ, खड्ड्यातही हलत नाही."

सीव उतरली. पिशवी घेऊन चालत निघाली. तूवा शेजारून पायी चालण्याच्या वेगाने ट्रॅक्टर हाकत राहिली, भोंग्यावर गाणी लावून, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या खिडकीत कुणीतरी उभं राहिलं.

जेवणाला कागदी आकाशकंदील टांगले होते, शेपूच्या पाण्यात शिजवलेले तळ्यातले, झिंग्यासारखे लांबट लाल खेकडे परातीत रचलेले. जावई रॉनी कागदी टोपी घालून खेकड्याचं डोकं चोखत होता; त्याच्या हनुवटीवरून रस ओघळत होता. एरवी सीवलाही खेकडे आवडायचे. आज तिला तो आवाज ऐकवेना.

"रॉनी, तू मुलांचे पट्टे काढून भोंग्याला बांधलेस."

"बाकं काढली की पट्टे काय चाटायचेत?" रॉनी म्हणाला. "वाया घालवण्यापेक्षा कामी आले. तुझ्याच हातचे असतील सीव, जगाची मान मोडेल, भोंग्याची नाही मोडायची." आणि तो स्वतःच्याच विनोदावर हसला.

"फळीवर पोरं बसतात?"

"बसायची नसतात," मारलेन मध्येच म्हणाली. "कायदा आहे तसा."

"मी कायदा नाही विचारला."

मारलेनने पावाला लोणी लावायला घेतलं. "आई, सगळ्यांचेच ट्रॅक्टर असे असतात. आणि शेवटी आपली गाडी आहे ती. कागदाच्या डब्यात थोडीच बसवलंय तिला?"

"आपली गाडी!" सीवच्या तोंडात खेकडा कडू झाला. "अगं मारलेन, उद्देवाल्लाला तू गाडीला नव्हतीस लोंबकळत. पट्ट्याला लोंबकळत होतीस."

"झालं, उद्देवाल्ला निघालं," रॉनीने ग्लास उचलला. "चला, यावर एक गाणं!"

ते गाऊ लागले. सीव उठून भांडी उचलायच्या निमित्ताने आत गेली, आणि आतून मागच्या दाराने बाहेर.

पोरं कुठं जमतात हे शोधावं लागलं नाही. आवाज वाट दाखवत होता. पेट्रोलपंपाच्या मागच्या मैदानात, सॉसेजच्या टपरीजवळ पाच-सहा ट्रॅक्टर गोल फिरत होते. जमिनीवर कुस्करलेला बटाटा, थुंकलेल्या पुड्या, पत्र्याचे डबे. उन्हं अजून होती. लाल ट्रॅक्टर सगळ्यांत पुढे, आणि तो तीसने जात नव्हता. रॉनीने खाली एक खटका बसवून दिला होता, तो दाबला की वेगाची सोय मोडायची. हे तिला टपरीवाल्या बाईने सांगितलं, कौतुकाने. "दाल्सलांडात असा हात नाही दुसर्‍याचा."

फळीवर चार पोरी होत्या. दोन बसलेल्या, दोन उभ्या, उभ्या होत्या त्या भोंग्याला धरून. वळणावर चौघी एकमेकींवर कलंडल्या आणि खिदळल्या. भोंगा जागचा हलला नाही.

सीवला वाटलं होतं आपल्याला भीती वाटेल. भीती नाही वाटली; शिसारी आली. रॉनीची, छतावरच्या पुड्यांची, टपरीवाल्या बाईच्या कौतुकाची, आणि कारखान्यातल्या त्या कुळकथेचीही, जी सांगून सांगून लोकांना इतकी पाठ झाली होती की आता पट्टा नसला तरी कथा पुरेशी वाटत होती. गाडीवरचं नाव तेवढं शाबूत ठेवायचं, बाकी कापून टाकायचं.

टपरीच्या बाकावर बसून तिने फोन काढला. डोळ्यांशी धरून, एकेक अक्षर बघत, तिने वाहनखात्याच्या पानावर गाडीचा नंबर घातला. मालकाला गाडी रस्त्यावरून उतरवता येते. तशी नोंद झाली की ती चालवणं गुन्हा. स्वतःची ओळख पटवायला तिला आकडे दोनदा टाकावे लागले. नोंद झाली.

घरी परतून तिने ते सांगितलं तेव्हा गाणं थांबलं. रॉनीने कागदी टोपी काढली.

"थट्टा करतेयस."

"नाही."

"पोरीचं सगळं त्यात आहे, सीव! मैत्रिणी, शाळा, सगळं! दोन बसवर जगायचं तिनं?"

"तू ने-आण कर. तुझ्याकडे चांगली गाडी आहे, पट्टेही आहेत तिला."

"माझ्या नावावर करून दे."

"मेले तरी नाही."

"मग दुसरी आणीन! आठवड्यात उभा करीन दुसरा ट्रॅक्टर!"

"आण. पण तो तुझ्या नावावर असेल. फळीवर जे काय होईल तेही तुझ्या नावावर."

रॉनी मारलेनकडे बघायला लागला. मारलेन खेकड्यांची टरफलं गोळा करत होती, एकेक, फार हळू. "आई," ती म्हणाली, "उद्या सकाळची बस घे."

तूवाला फोनवर बापाकडून कळलं. ती आली, ट्रॅक्टर अंगणात लावला, आणि सीवच्या समोर उभी राहिली. चेहरा फुगलेला, डोळ्यांतलं काजळ गालावर.

"तू घाण आहेस," ती म्हणाली. मोरमोर म्हणाली नाही.

पोरीच्या चेहर्‍यावर तीच किळस होती जी दिवसभर तिच्या स्वतःच्या पोटात होती. किळसेशी वाद घालता येत नाही हे सीवला माहीत होतं.

सकाळी कुणी सोडायला आलं नाही. सीव पिशवी घेऊन मोठ्या रस्त्याला लागली. मागून भोंग्याचा आवाज आला, दुसर्‍याच कुणाचा निळा ट्रॅक्टर, तीच कंपनी, मागे फळी. फळीवर तीन पोरी. मधली तूवा, पाय खाली सोडून, मुद्दाम दुसरीकडे बघत.

सीव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ब्रेक करकरले. "म्हातारे, वेड लागलंय का?" आतला पोरगा ओरडला.

"तूवा, उतर."

"सगळे बघतायत."

"बघू देत. मी हलणार नाही. बस मागून येतेय, तीही थांबेल, मग बसमधलेही बघतील."

बस खरंच वळणावर दिसली. ड्रायव्हरने हॉर्न दिला, खिडकीतून डोकं काढलं. दोन्ही मैत्रिणी तोंडं लपवू लागल्या. तूवाचे कान लाल झाले. तिने एक शिवी हासडली, आणि फळीवरून खाली उडी मारली.

सीव तरी हलली नाही. उरलेल्या दोघींकडे बघत राहिली.

"तुम्ही पण," ती म्हणाली.