रहाटाला बांधलेली छत्री

माझ्या लग्नातल्या शालूशेजारी ट्रंकेत एक हवाई छत्री राहायची. सवत म्हणा हवं तर, लाड तिचेच जास्त होते.

आमचे हे युद्धात छत्र्यांच्या घड्या घालायच्या कामावर होते. लांब टेबलावर रेशीम पसरायचं, घड्या घालायच्या, दोर बसवायचे, पिशवी बंद करायची. छत्र्या जवानांबरोबर विमानात जायच्या आणि हे पुढच्या छत्रीला लागायचे. एकही उघडताना यांनी पाहिली नाही. पनवेलला परतून भाताच्या गिरणीत नोकरी धरली, तरी बिरड्याचे वाल सोलता सोलता मध्येच विचारायचे, "उघडल्या असतील ना गं सगळ्या?" मी म्हणायची, असतील. मला काय माहीत, कप्पाळ!

ही छत्री त्यांनी लष्कराच्या मोडीतून विकत आणली होती. दर चार महिन्यांनी ती माजघरात पसरायची, कसर लागली का बघायची, जुनी घडी मोडून नवी घालायची. नाहीतर रेशीम घडीवर विरतं, असं हे मला शिकवायचे. जसं काही माझ्या आईने आयुष्यात शालूची घडी मोडलीच नव्हती.

एकदा पावसाळा सरल्यावर ट्रंकेला कुबट वास यायला लागला. हे गिरणीत होते. मी शालू पडवीत वाऱ्यावर घातला आणि छत्रीही पिशवीतून काढून परसात बाजेवर ठेवली. घडी मोडायचा अधिकार यांचा, म्हणून तिला हात लावला नाही. फक्त उडून जाऊ नये म्हणून सगळे दोर विहिरीच्या रहाटाला घट्ट बांधले. माझं शहाणपण तिथेच नडलं. दुपारी वारा सुटला, घडीत शिरला आणि बघता बघता छत्री परसभर फुगली.

मासे घेऊन आलेली कोळीण पाटी डोक्यावर ठेवूनच बघत राहिली. आमच्या होडीचं शीड पण येवढं नाय, म्हणाली. मी गाठीला हात घातला तशी ओरडली, "सोडू नको, बाय. सोडलीस तं उरनला जाईल."

तेवढ्यात हे जेवायला आले. आता बोलणी खायची म्हणून मी पुढे झाले. पण हे चपला न काढता परसात आले आणि वारा पडेपर्यंत छत्रीकडे बघत उभे राहिले.

"घडी माझीच होती ना?"

"तुमचीच. मी बोटसुद्धा लावलं नाही."

यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. कोळणीदेखत. मलाही रडू आलं, आणि भात करपला तो करपलाच.

त्या थंडीत वाल सोलताना मी यांच्या प्रश्नाची वाट बघत होते. टोपलीभर वाल सोलून झाले. मग हे म्हणाले, बिरडं जरा झणझणीत कर.