आधी अंघोळ

"आधी अंघोळ, मग वळख," मावशी म्हणायच्या. हे बियांबद्दल असायचं. फुलंब्रीहून आलेल्या पाहुण्यांना मात्र ते आपल्यालाच उद्देशून वाटायचं, आणि त्यातले काही खरंच टॉवेल मागायचे.

मुकुंदवाडी स्टेशनामागे मावशींची भाजीच्या रोपांची नर्सरी होती. तिथे मी ट्रे भरायला होते. कुठलंही बी आलं की मावशी ते फडक्यात बांधून गरम पाण्यात बुडवायच्या. बियांतून येणारा रोग त्याने मरतो. पाणी जरा जास्त तापलं तर बीही मरतं, आणि जुनं बी तर नेमक्या पाण्यातही दगावतं. म्हणून त्या थर्मामीटर धरून पातेल्यापाशी बसायच्या. तेवढ्यात कुणी बोललं, की "पाणी ऐकतंय" म्हणून त्याला गप्प करायच्या. तुम्ही असता तर तुम्हीही गप्प बसला असता.

त्यांची आई वारल्यावर माहेरून मावशींनी एकच गोष्ट आणली: काटेरी वांग्याच्या बियांची पुरचुंडी. ते वाण आता गावात कुणाकडेच उरलं नव्हतं. बी जुनं होतं, आणि आईची शेवटची झाडं रोगाने गेली होती.

"हे राहू द्या ना मावशी," मी म्हणाले. "लई जुनं हाय. तसंच पेरू."

"अन् बाकीच्या रोपांना रोग लागला म्हंजी?"

"तुमच्या आईचं बी हाय."

"आईचं हाय म्हून रोग नसतो व्हय?"

पुरचुंडी पाण्यात गेली. त्या दिवशी मावशींना कुणाला गप्प करावं लागलं नाही.

शेजारची मिरची वर आली, टोमॅटोची रोपं विकूनही झाली. वांग्याचा ट्रे काळाच. गिऱ्हाइकाने विचारलं की मावशी "झोपलंय" म्हणायच्या, तेही हळू आवाजात. मला त्या ट्रेकडे बघवत नसे. मग एके सकाळी कोपऱ्यात एक कोंब दिसला. एकच. मावशींनी तो पाहिला, पदराने नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "बघतीस काय, मिरचीला पाणी घाल."

ते झाड फाटकापाशी लावलं. पहिली वांगी बियांसाठी झाडावरच पिवळी होत होती, तेव्हा मावशी गेल्या. झोपेतच.

अंगणात बायकांनी मावशींच्या अंघोळीचं पाणी तापवलं. मी त्यात हात घातला आणि झटकन काढून घेतला.

"लई कढत हाय," मी म्हणाले.

"आता तिला काय कळतंय?" मावशींची जाऊ म्हणाली.

मला रडू आवरत नव्हतं. मी गार पाणी ओतलं, हात घालून पाहिलं, पुन्हा थोडं ओतलं. तेवढा वेळ कुणी बोललं नाही.