मावशींच्या दारातला युरिया

कॅप्रोलॅक्टमचं पोतं फोडलं की एक कोंदट वास नाकात शिरतो आणि मला माझी पहिली घरमालकीण आठवते. आठवीत शाळा सोडून नांदेडकडून शिरोलीला आलो आणि नायलॉनचे गिअर ओतणाऱ्या कारखान्यात लागलो होतो. ते गिअर ज्या रसायनापासून होतात ते हे कॅप्रोलॅक्टम, साखरेसारखं पांढरं. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचो. त्यांच्या दोन म्हशी होत्या, दूध डेअरीला जायचं. एका संध्याकाळी दारात पाय धुताना माझ्या पँटच्या दुमडीतून ते कण नेमके दुधाच्या कॅनजवळ सांडले. मावशींनी बोटावर घेऊन हुंगलं. "युरिया हाय न्हवं? दुधात घालायला कुणी धाडलंय तुला?" मी रसायनाचं नाव सांगितलं, तर संशय आणखी वाढला. ते दूध त्यांनी डेअरीला घातलंच नाही. खोली गेली तर जायचं कुठं, याची मला काळजी लागली. सकाळी त्या माझ्यामागोमाग कारखान्यात आल्या. पदर नाकाला लावून त्यांनी कण वितळताना पाहिले, रस साच्यात ओतताना पाहिला, निघालेला गिअर नखानं खरवडला. मग मालकांना म्हणाल्या, "पोराला हितंच कापडं बदलायला जागा द्या. माझ्या दारात दुधाचं काम हाय." त्यानंतरही कित्येक दिवस त्या उंबऱ्यावरच माझे खिसे उलटे करून बघत आणि मग म्हणत, "बस जेवायला." परमुलखात माझी इतकी चौकशी पुन्हा कुणी केली नाही.