परत बघ

आमच्या भावजींना सबस्टेशनात सगळे ‘परत बघ’ म्हणतात. हे नाव मीच पाडलं. ताईच्या लग्नापासून मी या माणसाला पाहतोय. घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायचं. ताई रस्त्यात ताटकळत उभी. “लग्नाआधी मलाही दोनदा बघून गेले होते,” ती म्हणते.

घरी चेष्टा चालते. कामावर मी ती करायला नको होती. अकरा हजार व्होल्टच्या पॅनेलला हात लावण्याआधी वीज खरंच गेलीय का, हे एका लांब काठीने बघतात. वीज असली की काठी किंचाळते. भावजी ती आधी शेजारच्या चालू पॅनेलला लावत, किंचाळली की मग बंद केलेल्या पॅनेलला, आणि शेवटी पुन्हा चालूला. “काठी गप्प आहे ती वीज नाही म्हणून, की काठीच मेलीये, हे कळायला नको?” मला फिटरचं काम शिकवताना हे त्यांनी शंभरदा ऐकवलं होतं.

त्या सकाळी नवे साहेब घड्याळ बघत उभे होते. भावजी काठी घेऊन चालू पॅनेलकडे निघाले.

“काका, तिकडे कुठे? बंद केलेलं पॅनेल इकडे आहे.”

“साहेब, त्यांना परत बघायचंय,” मी म्हणालो आणि हसलो. मग साहेब हसले, मग सगळेच. काय गरज होती मला? नव्या साहेबांसमोर पुढे पुढे करायची हौस, दुसरं काय!

भावजींचे कान लाल झाले. नोकरीच्या चोवीस वर्षांत पहिल्यांदाच ते अर्ध्या वाटेतून वळले आणि काठी थेट बंद पॅनेलला लावली. काठी गप्प. “वीज नाही,” असं म्हणून त्यांनी फॉर्मवरच्या तिन्ही तपासण्यांच्या चौकटींत खुणा केल्या, सही केली.

आता अर्थिंगची तार लावायची होती, आणि ते काम माझं. मी तार घेऊन पुढे झालो. हातभर अंतर राहिलं असेल.

“थांब!”

भावजींचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी काठी चालू पॅनेलला लावली. तिथेही गप्प. काठीतली बॅटरी संपली होती. नवी घातल्यावर काठी तिथे किंचाळली, आणि मग आमच्या ‘बंद’ पॅनेलवरही. त्याला वीज आणणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाचा स्विच बंद करायचाच राहिला होता. माझा कोळसा झाला असता.

भावजी खाली बसले. “तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?” एवढंच म्हणाले. माझ्याकडे त्यांना बघवेना.

“काही घडलं नाही ना? मग रजिस्टरात कशाला?” साहेब म्हणाले. भावजींनी तरीही लिहिलं, ‘काठी न तपासता सही केली. चूक माझी.’ हसण्याबद्दल एक अक्षर नाही.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. ताईने विचारलं, “दोघांची तोंडं का शिवलीत?”

“आज माझ्या हातून मोठी चूक झाली,” भावजी म्हणाले, आणि फॉर्मपासून बॅटरीपर्यंत सगळं सांगितलं. ताई रडली. त्यांच्यावर चिडली. “तुम्हीसुद्धा?” असं दोनदा म्हणाली. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मी ताटातलं संपवलं, हात धुतले आणि घरी आलो. सगळ्यात आधी मी हसलो होतो, हे ताईला अजून माहीत नाही.