पुठ्ठ्याच्या गाडीचं दार

वसतिगृहात तार आली तेव्हा मी ती उभ्यानेच वाचली आणि घडी करून पुस्तकात ठेवली. कुणाला सांगितलं असतं तर रडू आलं असतं. वडनेर भोलजीला पोचले, तोवर अण्णामामांना अग्नी देऊन माणसं परत आली होती. मामी भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी कोनाड्याकडे पाहिलं. मामांची गाडी तिथेच होती... मागचं दार तेवढं नव्हतं.

गाडी पुठ्ठ्याची, वीतभर लांब. मोठ्या लढाईत मामा इटलीत तशीच खरी चिलखती गाडी चालवत. पुढे मोटारीची चाकं, मागे रणगाड्यासारखे पट्टे, आत शिपायांना बसायला बाकं, वर छप्पर नाही. गावी परतल्यावर त्यांनी पिठाची गिरणी घातली आणि फावल्या वेळात ही गाडी करायला घेतली. धोतरांच्या खोक्यांचा पुठ्ठा, गिरणीतल्या पिठाची खळ, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. बाकी गाडी केव्हाच झाली होती. दाराची कापडी बिजागरी मात्र ते पुन्हा पुन्हा बदलत, आणि ठेवताना दार उघडंच ठेवत. गिरणीतही चालू इंजिन मधेच बंद करून कान देऊन उभे राहत. दळण आणलेल्या बाया हसायच्या.

सुट्टीत मी त्यांच्याजवळ कात्री धरून बसे. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी मलाच अवघडल्यासारखं वाटे, म्हणून बोलणं कमी. "आमच्या मडमले बोलाचा टॅक्स लागते," असं ते चिडवत.

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षीच्या महालक्ष्म्या. आराशीत लाकडी खेळण्यांशेजारी मामीने हौसेने ही गाडीही मांडली. दार लोंबतं म्हणून खळीने चिकटवून टाकलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. मामा गिरणीतून आले ते उंबऱ्यातच थांबले.

"दार कोनं लावलं?"

"म्या लावलं. महालक्ष्म्यांसमोर असं उघडं बरं दिसते काय? पाहुणे येऊन राह्यले."

"काऊन लावलं वं..."

ते ओरडले नाहीत. खाली बसून नखाने खळ खरवडू लागले. पुठ्ठा फाटला. त्या दिवशी ते पंगतीत बसले नाहीत. मी परसात गेले, तर फाटकं दार हातात घेऊन बसलेले.

"तू काही इचारत नाहीस, म्हनून तुले सांगतो," ते म्हणाले. "गाडी खड्ड्यात मागून रुतली. चिखलानं दार दाबलं गेलं. मी समोरून उडी मारली. आत एक पोरगा होता, पाय मोडलेला. त्याले वरून चढता येईना. गाडी पेटली... तो आतून दार ठोके, मी बाहेरून ओढू. मंग ठोकनं थांबलं."

मी खळीची वाटी त्यांच्यापुढे सरकवली. मागे मोरीपाशी मामी भांडी हातात धरून तशीच उभी होती.

म्हणून या वेळी, मामा गेल्यावर, तिलाच विचारलं, "मामी, दार?"

"म्या कातरीनं काढलं. नेतानी त्याहीच्या मुठीत देलं. आता कोनी लावू नाही शकत."

तिला बरं वाटलं असेल का, कळलं नाही. गिरणी आता मामांचा पुतण्या चालवतो. दिवसभर इंजिनाचा ठोका घरात ऐकू येतो. दुपारी ठोका थांबतो, तेव्हा मामीचे हात परातीतच थांबतात आणि ती कोनाड्याकडे बघते. मीही बघते. उघड्या मागच्या बाजूने आतली दोन बाकं दिसतात... मोकळी.