मामाजी कॅमेरा निवडतात

काम लांबवण्यात सरकारचा हात कोणी धरू शकणार नाही, असं मी मोर्चांच्या निदान चाळीस पत्रकांतून ठणकावून लिहिलं असेल. ते विधान मी जाहीरपणे मागे घेतो. माझ्या ताईचे सासरे सरकारच्या पुष्कळ पुढे होते. सरकारला निदान समिती नेमावी लागते. हे एकटेच समिती, एकटेच अहवाल आणि एकटेच फेरविचार. ताई त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही मामाजी म्हणायचो. नागपुरात प्रताप नगरात घर, वजनमापे खात्यात निरीक्षकाची नोकरी, आणि ती नोकरी अंगात इतकी मुरलेली, की ताईच्या लग्नात आमच्या बाबांनी हातात दिलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी आधी तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "खोक्यासकट तोलला वाटते."

मामाजी मूळचे खाप्याचे, विणकराच्या घरचे. त्यांचे थोरले भाऊ तिथे अजून हातमागावर लुगडी विणत. ज्या गल्लीत घरोघरी माग वाजायचे तिथे आता एवढा एकच उरला होता. भाऊंची नजर अधू होत चालली होती आणि त्यांच्या मुलाला मागाच्या जागी पिठाची चक्की बसवायची होती. माग मोडण्याआधी भाऊंचं विणकाम व्हिडिओवर उतरवून, कापून-जोडून त्याची नीट फिल्म करायची, असं मामाजींनी ठरवलं. लग्नात नवरदेवाच्या मागे व्हिडिओवाला नुकताच फिरू लागला होता, तेव्हाची ही गोष्ट. आमची संघटना तेव्हा विणकरांना रास्त भावात सूत मिळावं म्हणून हिवाळी अधिवेशनावर धडकणार होती. धरण्याच्या मांडवात टीव्ही लावून ही फिल्म दाखवली तर मंत्र्यांना तोंड लपवायला जागा उरणार नाही, असं माझं गणित. म्हणून मी खरेदीत मदत करायला गेलो, आणि आयुष्यातलं पहिलं सपशेल फसलेलं आंदोलन मी तिथे केलं.

मामाजी सीताबर्डीवरच्या टीव्ही-टेपरेकॉर्डरच्या दुकानात शिरले की मालक उठून उभा राहायचा आणि काही विचारण्याआधीच सांगायचा, साहेब, आमच्याकडे तराजू नाही. मग मामाजी शेजारच्या किराणावाल्याचा काटा मागवायचे. खांद्यावरचा कॅमेरा एका पारड्यात, हातात मावणारा दुसऱ्या पारड्यात, आणि किराणावाला मात्र घामाघूम. खांद्यावरचा जड म्हणून बाद. हातातल्याची छोटी कॅसेट मोठ्या कॅसेटच्या पोटात घालून मगच मशीनमध्ये बसते, हे कळल्यावर तोही बाद. असल्या वस्तूचा मूळ माल किती आणि वेष्टण किती हे कळत नाही म्हणे. एकदा त्यांनी कोरी कॅसेट विकत घेतली आणि तिची लांबी लेबलाबरहुकूम आहे का हे पाहायला आतली फीत गल्लीभर उलगडून सरकारी मीटरपट्टीनं मोजली. एका टोकाला मी धरून उभा. फीत बरोबर भरली. वापरण्याजोगी राहिली नाही एवढंच.

कापाकापीच्या मशीनचं तर विचारूच नका. धरमपेठेतला एक लग्नाचा व्हिडिओवाला दोन व्हीसीआर जोडून फिल्म कशी कापतात ते दाखवत होता: एकावर चित्र चालवायचं, दुसऱ्यावर हवं तेवढंच उतरवून घ्यायचं. मामाजींनी खिशातून स्टॉपवॉच काढलं. दुसरं मशीन बटण दाबल्यावर क्षणभर उशिरा सुरू होत होतं, म्हणजे दर जोडाला क्षणभर चित्र गिळत होतं. "मापात मारते हे," मामाजी निकाल देऊन उठले. परतताना कॉम्प्युटरच्या क्लासात शिरून त्यांनी विचारलं, यात फिल्म कापता येते काय? शिकवणारा खो खो हसला. मामाजी हसले नाहीत. डायरीत त्यांनी लिहिलं: कॉम्प्युटर, सध्या नाही.

पोरीच्या सासऱ्याले उलटं बोलशील तर घरात घेणार नाही, अशी आईची तंबी होती, म्हणून वर्षभर मी दात-ओठ खात गप्प राहिलो. मोर्चा तीन आठवड्यांवर आला तेव्हा मात्र ताईसमोरच माझा बांध फुटला. म्हटलं, मामाजी, तुम्हाला कॅमेरा घ्यायचाच नाही. भाऊंची दृष्टी जाईल, माग जाईल आणि तुमच्याकडे राहील ती फक्त डायरी. ताईनं डोळे वटारले. मामाजींनी उरलेला चहा बशीत ओतून संपवला. मग एवढंच म्हणाले, "बरं गा. येत्या रविवारी घेऊन टाकू."

मी विजयी वीरासारखा शनिवारीच एस.टी.नं खाप्याला गेलो, भाऊंना तयार राहा म्हणून सांगायला. भाऊ मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. उद्या कॅमेरा येणार म्हटल्यावर त्यांनी हातातला धोटा थांबवला आणि विणलेल्या कापडावरून सावकाश हात फिरवला.

"आणतो म्हणते काय शेवटी? मंग सोमवारी सुताराले बोलवा लागते."

मी विचारलं, सुतार काहून?

"माग मोडाले. पोरगा मागच्याच साली मोडून राहिला होता. लहान्यानं त्याले सांगतलं, मी सिनेमा काढतो, तोवर हात लावजो नोको. पोरगं काकाचा शब्द पाळते." मग ते थोडं हसले. "लहान्या कॅमेरा पाहून राहिला, म्हणून वरसभर माह्या हाताले काम राहिलं, बाबू."

परतीच्या बसमध्ये मी मोर्चाचं पत्रक लिहायला कागद काढला होता. नागपूर येईस्तोवर तो कोराच राहिला.

रविवारी मामाजी इस्त्रीचा सदरा घालून दुकानात माझी वाट पाहत होते. ना काटा, ना मीटरपट्टी, ना स्टॉपवॉच. मालकानं बिलाचं पुस्तक उघडलं होतं आणि मामाजी त्याच्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. मी कॅमेरा उचलला, खांद्यावर घेतला, डोळा लावला. समोरचा सारा बाजार सरळ, स्वच्छ, तलम दिसत होता.

"मामाजी," मी म्हटलं, "उजव्या अंगाला चित्र जरा वाकडं येतं."

मामाजींनी कॅमेऱ्याला डोळा लावलाच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, चांगले तोलून, पारडं स्थिर होईस्तोवर. मग मालकाकडे वळून करड्या आवाजात म्हणाले, "वाकडंच हाय. दुसरा माल आला का सांगजा."

धरण्याच्या मांडवात फिल्म लागली नाही. माझी पत्रकं तेवढी वाटली, आणि मंत्र्यांनी आपली तोंडं नेहमीसारखी उघडीच ठेवली. खाप्याचा माग मात्र पुढे दोन हिवाळे चालला. मग भाऊंना धागाच दिसेना आणि त्यांनी स्वतःच सुताराला निरोप धाडला. ना फिल्म आहे, ना फोटो. पुराव्याशिवाय बोलू नये, असं मी सगळ्यांना सांगत हिंडतो. पण ताईची पोरं कधी विचारतात, मोठ्या आजोबांचा माग कसा वाजायचा, तेव्हा मी जिभेनं टाळूवर खटक-खट, खटक-खट असं वाजवून दाखवतो. पोरं हसतात. मामाजी कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून ऐकत असतात, आणि मी थांबलो की हातानं खूण करतात: आणखी थोडं.